सृष्टीची शिस्तवही

जेऊर, ता. करमाळा
२४ जानेवारी २०२५

विहीणबाई अंबुबाई यांस,
आप्पासाहेब निमगिरे, निवृत्त मुख्याध्यापक, यांचा नमस्कार.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुम्ही विचाराल. फोनवर दिलेला शब्द माणूस दुसऱ्या दिवशी फिरवतो. शिवाय तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे समोरच्याला एक वाक्य धड पुरं करायला मिळत नाही. म्हणून लेखी. उत्तरही लेखीच यावं. लिहिता येत असेल असं गृहीत धरतो.

विषय आपल्या दोघांची नात, सृष्टी. माझा अजिंक्य आणि तुमची वैष्णवी दोघंही चाकणला कंपनीत, पाळ्यांची नोकरी, म्हणून पोर गेल्या जूनपासून माझ्याकडे आहे. तिसरीत शिकते. गड्ड्याची यात्रा पाहायची म्हणून आठ दिवस तुमच्याकडे सोलापूरला पाठवली, ही माझी चूक. परत आली ती पार वाया गेलेली.

पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबते. 'तेरा चोक बावन्न' म्हणाली की संपलं. समोर मी उभा, पण नजर माझ्या आरपार. हाक मारली तर ओ नाही. वर ओठ चाटत बसते. मग स्वतःची मर्जी झाली की 'तेरा पंचे पासष्ट'. जणू मी तिथं नव्हतोच! पूर्वी असं क्वचित व्हायचं, आता रोजचं झालंय. सोमवारी तीनदा, मंगळवारी पाचदा, काल सहादा. प्रत्येक वेळेस शिक्षा केली आणि तारीखवार नोंद शिस्तवहीत घातली. बत्तीस वर्षं शाळेत अशी वही ठेवली, घरीही ठेवतो.

तुमचा कडक भाकरीचा धंदा, दिवसभर चुलीपुढे बायांचा गलबला, त्यात ती टीव्हीची मालिका. तिथं पोराला काय वळण लागणार? मोठ्या माणसाकडे असं टकामका बघून त्याला वेड्यात काढायचं, हे तिला तुमच्याकडे कोणी शिकवलं, याचा खुलासा पाठवावा.

आ. ग. निमगिरे

सोलापूर
२९ जानेवारी

आप्पा गुर्जी,
अंबुबाईचा नमस्कार.

चौथी पास हाय मी. लिवता येतंय. तुमचं पत्र माजिदाला वाचून दाखवलं. माजिदा म्हंजे माझ्यासंगं भाकऱ्या थापती ती, मागच्या वर्षी तुमी घरी आला तवा तिच्या हातचा चा प्यायला 'उपास हाय' म्हणाला व्हता ती. तुमचं पत्र ऐकून ती म्हणाली, इतका शिकलेला माणूस इतका आंधळा कसा. मी म्हटलं, अगं, शिकल्यामुळंच.

आता कान देऊन ऐका. लेकरू हितं असताना मी पन बघितलं हाय. सकाळी मी भाकरी थापत व्हते, ती समोर पाटावर चा पीत बसली व्हती. शाळंतली काहीतरी गंमत सांगत व्हती. बोलता बोलता गप. डोळं उघडं, पन डोळ्यात कुनीच न्हाई. पापन्या बारीक फडफडत व्हत्या आनि तोंड असं, जसं काही चघळतीया. हातातला कप हळूहळू वाकडा झाला आनि गरम चा मांडीवर सांडला. तरी हलली न्हाई! मी तवा सोडून पळाले, खांदा धरून हलवलं. काही न्हाई. मग एकदम म्हणाली, "आणि बाई हसल्या." गोष्ट जितं सोडली तितनं पुढं. आनि मग मांडीकडं बघून रडायला लागली, की आज्जी, हे कधी सांडलं?

गुर्जी, नाटक करनारं पोरगं गरम चा मांडीवर वतून घेत न्हाई. एवढं समजायला बी.एड. लागत न्हाई.

माजिदाच्या लेकीला, जोयाला, ल्हानपनी असंच व्हायचं. तिच्या शाळंतल्या बाईंनी पन आधी कान पिळलं व्हतं. माजिदानं सृष्टीला बघितलं आनि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंबुबाई, येच मेरी जोया कू होता था. बच्ची कू मारो नको, डाक्टर कू दिखाव." ही फिट असू शकती, गुर्जी. फेफऱ्याचाच एक बारका प्रकार असतोय. जोया औषधानं बरी झाली, आता कॉलेजात हाय.

मी हे वैष्णवीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, आप्पांना काही बोलू नको, त्यांना राग येतो." तुमच्या रागाची सगळ्या घराला एवढी काळजी, पोरीची कुनालाच न्हाई. डॉक्टरला दाखवा. आनि तवर हात लावू नका तिला.

अंबुबाई

जेऊर
६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. वैद्यकशास्त्रातली तुमची आणि तुमच्या भाकरीवालीची प्रगती पाहून धन्य झालो. आता सोलापूरकरांनी दवाखाने बंद करून तुमच्या चुलीपुढे रांग लावावी.

फेफरं म्हणजे काय, हे मला शिकवू नका. बत्तीस वर्षांत फेफऱ्याची तीन मुलं माझ्या हाताखालून गेली. फेफरं आलं की पोर धाडकन पडतं, हातपाय झाडतं, तोंडाला फेस येतो, दातखीळ बसते. चप्पल हुंगवली की शुद्धीवर येतं. सृष्टी पडत नाही. फेस नाही. दातखीळ नाही. उभी असली तर उभीच राहते, बसली असली तर बसलेलीच. आणि पुन्हा पाढा बरोबर तिथूनच उचलते. म्हणजे सगळं ध्यानात असतं बाईसाहेबांच्या! हा आजार नाही, हा आगाऊपणा आहे.

तरी तुमच्या समाधानासाठी मी प्रयोग केला. शाळेची पितळी घंटा निवृत्तीच्या वेळी मला भेट मिळाली आहे. सृष्टी काल पाढ्यात थांबली तसा मी तिच्या मागे गेलो आणि कानापाशी घंटा वाजवली. आमच्या हिच्या, म्हणजे बजाबाईच्या, हातातलं ताट पडलं. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पण ही पोर! पापणीसुद्धा दचकली नाही. निगरगट्टपणाची एवढी कमाल मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही. वहीत त्या शब्दांत नोंद केली आहे.

आणखी एक. हा शब्द पुन्हा पत्रात लिहू नका. पोस्टमन गावातलाच आहे. मुलीची जात, उद्या तिचं लग्न व्हायचंय. निमगिऱ्यांच्या घरात फेफरं आहे अशी आवई उठली तर ती निस्तरायला तुमची माजिदा येणार आहे का?

आ. ग. निमगिरे

सोलापूर
११ फेब्रुवारी

गुर्जी,

पत्र पाकिटात घालून पाठवतीया, घट्ट डिंक लावून. झालं समाधान?

तुमी घंटा वाजवली. कुत्रं भुंकलं, बजाबाईंच्या हातातनं ताट पडलं, आनि कानाशी घंटा वाजली तरी आठ वर्षांचं लेकरू दचकलं न्हाई. हे सगळं तुमीच लिवलंय, स्वतःच्या हातानं, खाली सही करून. आनि त्यातनं तुमी काय काढलं? तर निगरगट्ट! अवो, दचकनं कुनाच्या हातात असतं का? तुमच्या मागनं कुनी घंटा बडवली तर तुमी आधी ठरवून मग दचकता का? माजिदा तर हसूनच बेजार झाली. मला हसू आलं न्हाई. मला तुमची कीव आली, आनि ती पन फार टिकली न्हाई.

बरं, तुमचंच खरं धरू. पोरगी मुद्दाम करतीया. मग पैज लावा. महिनाभर नोंद ठेवा, पन अर्धवट नको, चांगली हेडमास्तरी नोंद ठेवा. किती वाजता थांबली. किती सेकंद, घड्याळ लावून. तवा काय करत व्हती. डोळं कसं, तोंड कसं, हात काय करत व्हता. हाक मारली तर वळली का. नंतर इचारा, आत्ता मी काय बोललो, सांग. आनि मुख्य म्हंजे निस्त्या पाढ्याच्या येळंला बघू नका. जेवताना, खेळताना, लाडाचं काही करताना पन बघा. कामचुकार पोरगं कामातच चुकतंय. खाऊ खाताना कुनी कामचुकारपना करत न्हाई.

फक्त पाढ्यालाच थांबली तर तुमी खरं. मी जेऊरला येऊन, चारचौघांत, तुमच्या ओट्यावर कबूल करीन की अंबुबाई अडाणी हाय. न्हाईतर तुमी तिला घेऊन सोलापूरला यायचं. आनि महिनाभर मारायचं न्हाई, कारन मारलं तर नोंद बिघडती. हिंमत हाय का?

अंबुबाई

जेऊर
१२ मार्च

विहीणबाई,

नोंदींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. सव्वीस दिवसांच्या. एकूण दोनशे अकरा.

पाढे म्हणताना चौसष्ट. उरलेल्या इतर वेळी. गुळपोळी खाताना नऊ, घास तोंडात तसाच राहिला. अंगणात ठिक्कर खेळताना बावीस, एकदा एका पायावर उभी असताना थांबली, उचललेला पाय खाली टेकला आणि पुढं काही नाही. वैष्णवीशी फोनवर बोलताना सात. आईचा फोन येणार म्हणून ती तासभर आधीपासून उंबऱ्यात बसते, आणि आई बोलत असताना ही गप्प. तिकडून वैष्णवी 'हॅलो, हॅलो' करत राहिली. सर्वांत कमी चार सेकंद, सर्वांत जास्त एकवीस. नंतर विचारलं तर मी त्या वेळात काय बोललो, ते तिला एकदाही सांगता आलं नाही. बक्षीस कबूल करूनही नाही.

मी यातून कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. तो काढण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. महिनाभर शिक्षा बंद ठेवली, एवढं मात्र नमूद करतो.

उन्हाळा लागला की नातवंडांना मी स्वतः मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवतो. सृष्टीचं शिकणं सध्या थांबवलं आहे. पाणी थंड आहे.

डॉक्टर कोणते, ते कळवा. केवळ तुमचा गैरसमज दूर व्हावा म्हणून.

आ. ग. निमगिरे

सोलापूर
१८ मार्च

गुर्जी,

तुमची झेरॉक्स घेऊन मी आनि माजिदा ल्हान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. जोयाला ज्यांनी बरं केलं तेच. त्यांनी पानं उलटली आनि इचारलं, हे कुनी लिहिलंय? म्हटलं, पोरीच्या आज्यानं. डॉक्टर म्हणाले, "इतकी नीट नोंद मला आजवर एकाही घरानं आणून दिली नाही." एवढं वाचून मिशीला पीळ देऊ नका. पुढच्या पानावर तुमचं 'निगरगट्ट' आनि 'छड्या चार' पन लिवलेलं हाय, आधीची पानं पन जोडली तुमी, ध्यानात हाय ना? ते वाचून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी तुमचं नाव सांगितलं न्हाई. मलाच लाज वाटली, आपलं नातं सांगायची.

ते म्हणाले, फिटच असन्याची शक्यता लई हाय, पन पोरगी बघितल्याबिगर आनि डोक्याचा ईईजी काढल्याबिगर नक्की सांगता येत न्हाई. सगळ्या फिटमधी पोरगं पडत न्हाई. काहीत निस्तं असं थांबतंय. चोवीस तारखेची, सोमवारची येळ दिलीया. अजिंक्य-वैष्णवीला मी कळवलंय, तुमच्या रागाची परवानगी न घेता. तिच्या थांबन्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आना.

तवर चुलीपाशी, रस्त्यावर, माळवदावर एकटी सोडू नका. कधी खाली पडून हातपाय झाडायला लागली तर कुशीवर निजवा, कपडं सैल करा, किती येळ चालतंय ते बघा. तोंडात चमचा न्हाई, पानी न्हाई, आनि ती तुमची चप्पल पायातच राहू द्या, चपलेनं कुनी शुद्धीवर येत न्हाई. पाच मिनिटांच्या वर चाललं तर थेट दवाखाना.

पान्यापाशी तर मुळीच न्हाई.

आता पान्याचं. मार्चमधी जेऊरच्या विहिरीचं पानी थंड! माझ्या चौथी पास डोक्यालाही ते पटलं न्हाई, म्हणून मी शेवटचं पान परत बघितलं. रविवार, नऊ मार्च. तुमी त्यावर पेनानं गिरगटलंय, पन झेरॉक्समधी खालचं दिसतंय. 'विहिरीत. कॅन सोडल्यावर. १९ सेकंद.'

गुर्जी, कॅन पाठीला बांधलेला असतोय तवर पोरगं तरंगतंय. तो सोडल्यावर ती पान्यात थांबली म्हंजे बुडाली. मग ते एकोनीस सेकंद मोजले कुनी, आनि कुटं उभं राहून?

अंबुबाई

जेऊर
२७ मार्च

विहीणबाई अंबुबाई यांस,

मी मोजले. काठावर उभं राहून.

तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितो. ती चार हात छान मारत गेली आणि थांबली. मला वाटलं, आता पाण्यातही सुरू झालं का हिचं? हात आपोआप घड्याळाकडे गेला. ती खाली जात होती आणि मी आकडा बघत होतो. बजाबाई पायरीवर होती, ती ओरडली, "अवो, पोरगी!" तेव्हा मी उडी मारली. ती ओरडली नसती तर मी आणखी किती मोजले असते, ते मला माहीत नाही. वर काढल्यावर खोकत खोकत पोर म्हणाली, "आप्पा, पोहले का मी?" घरी येऊन मी नोंद केली. नोंद केली, विहीणबाई! मग ती गिरगटली. बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की खाडाखोड करू नये.

सोमवारी दवाखान्यात तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. त्या माजिदाबाईंनी मात्र मला पाण्याची बाटली दिली. मी ती घेतली. माझी तेवढीही लायकी नव्हती.

डॉक्टरांनी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे. हा फिटचाच प्रकार, मुलांमध्ये आढळणारा, औषधानं बहुतेक मुलांचा आटोक्यात येतो, औषध आपल्या मनानं एक दिवसही बंद करायचं नाही, शाळेला कळवायचं. शाळेला मी कळवलं. स्वतः जाऊन, फेफरं हाच शब्द वापरून. गावात काय व्हायचं ते होऊ दे.

पण अजिंक्य-वैष्णवी अजून वाटेत होती आणि तुम्ही बाहेर बाकावर होता, तेव्हा आत काय झालं, ते मी सांगितलं नाही. माजिदाबाईंनी विचारलं तेव्हा 'काही नाही' म्हणालो. ते खोटं होतं.

आत सृष्टीला खाटेवर निजवून डोक्याला तारा चिकटवल्या. मशीनवरच्या मुलीनं तिला जोरजोरात श्वास घ्यायला, फुंकर मारायला सांगितलं. तिला गंमत वाटत होती. डॉक्टरही उभे होते. दोन मिनिटं झाली नसतील, ती थांबली. तीच नजर, तेच ओठ. आणि पडद्यावर ज्या रेघा बारीक चालल्या होत्या त्या सगळ्या एकदम उसळल्या, वरपासून खालपर्यंत, सगळ्या एका वेळी. अकरा सेकंद. मग पुन्हा बारीक. मुख्याध्यापक असूनही मला एवढं कळलं की असं काही कोणाला मुद्दाम करता येत नाही.

ती भानावर आली. डॉक्टरांनी तिच्या गालाला हात लावून विचारलं, "बाळ, आत्ता काय झालं गं?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग डोक्याला तारा तशाच असताना उठून खाटेवरून खाली उतरायला लागली. मशीनवरची मुलगी म्हणाली, "अगं, कुठं निघालीस?" सृष्टी म्हणाली, "अंगठे धरायला. मी मुद्दाम केलं. परत नाही करणार."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना म्हणालो की हे वाक्य मी पाठ करून घेतलंय. दर वेळेस, प्रत्येक शिक्षेनंतर. तिला आपण काय केलं ते कधीच ठाऊक नव्हतं, तरी पोर रोज कबूल करत होती.

तुम्ही तिला दवाखान्यातून परस्पर तुमच्या घरी घेऊन गेलात, ते योग्य केलंत. मी विरोध करणार नाही. तिथंच राहू द्या, तिथल्याच शाळेत घाला. कपडे आणि पुस्तकं अजिंक्य आणून देईल. मला तिला भेटायचं आहे. येऊ की नको, ते तुम्ही ठरवू नका. तिला विचारा. मात्र विचारताना मी जवळपास आहे असं तिला वाटू देऊ नका, नाहीतर ती हो म्हणेल.

आप्पा